कार्ड चांगलं होतं, दादा

प्रिय दादा,

तुझं ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं!

आधी हे लिहून टाकते, बाकीचं मागून. आज रविवार. संध्याकाळपासून ही बातमी घेऊन मी खोलीत एकटीच येरझाऱ्या घालते आहे. इथे सांगू कोणाला? लोहारा भागातल्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या बायकांना कार्ड म्हणजे कॉम्प्युटरवर गेम पळवणारा भाग, इथपासून सांगावं लागेल. आणि माझा एक भाऊ होता, हे तर मी तिथे अजून कोणाला सांगितलेलंच नाही. म्हणून तुलाच लिहायला बसले.

हो, मी कॉम्प्युटर जोडते आहे. हसू नकोस! यवतमाळात नोकरी लागली, खोली मिळाली, सगळं ठीक आहे. पण संध्याकाळी दाराला आतून कडी लावली की सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. घरमालकीण भली आहे, पण तिचं सगळं बोलणं पाण्याच्या टाकीबद्दल. म्हटलं, स्वस्तातला का होईना, गेम चालतील असा एक डबा उभा करू.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, ऑफिसच्या कामाले साधा घेऊन टाका ना." मी म्हटलं, "मले गेमिंगसाठीच पायजे." आणि मग तुझे सगळे नियम माझ्या तोंडून धडाधड बाहेर पडले. प्रोसेसर जुना चालेल. मॉनिटर कोणाचा तरी वापरलेला चालेल. पॉवर सप्लाय मात्र नवाच, तिथे कंजुषी नाही. बाकी जे उरेल ते कार्डात. "डब्बा काय खेळते काय? खेळते तं कार्ड!" असं म्हणायचास ना? हे सगळं कोणी शिकवलं, असं दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, घरीच शिकले.

पण नवं कार्ड काही मला झेपेना. तशीच परत आले आणि दिवाळीत गावाहून, बोरी अरबहून, मॉनिटरसकट आणलेला आपला जुना डबा कॉटखालून ओढला. त्यातलं काही कामाचं निघतं का, एवढंच बघायचं होतं.

तो डबा आपण कुठे ठेवला होता, आठवतं? समोरच्या खोलीत, कापसाला टेकून! त्या वर्षी भाव असा पडला की बाबा विकायलाच तयार नव्हते. खोली आढ्यापर्यंत पांढरी झाली. अंगभर खाज सुटायची, तरी आपण त्यावरच लोळायचो. धड चालणारा प्लग तेवढ्याच खोलीत. थोडा कापूस सरकवा, असं तू बाबांना म्हणालास, तर ते म्हणाले, "कापूस हलनार नाई. तुहा डब्बा हालव."

मार्च लागला आणि डबा तापायला लागला. तू त्याच्या बाजूचा पत्राच काढून फेकलास. "हवा लागू दे त्याले." हवा लागली रे, पण कोणत्या खोलीतली?

कार्ड तू सायकल विकून आणलंस, नागपूरहून, जुनंच. पण काय ते दिवस होते! पडदा अर्धा तुझा, अर्धा माझा. एकाच कीबोर्डवर दोघं. बाण तुझे, डावीकडची अक्षरं माझी. लाल ट्रक तुझा, पिवळी जीप माझी. लाइट जायच्या आत शर्यत संपवायची म्हणून माझ्या कोपराला ढुशा मारायचास, लबाड!

मग तो बंद पडायला लागला. शर्यत रंगात आली की फट्, पडदा काळा. कार्ड काढून नुसतं टायपिंग केलं की दिवसभर चालायचा. कार्ड लावून गेम सुरू केला की पुन्हा फट्. मग दोष कोणाचा? कार्डाचाच. बाबा म्हणाले, "सायकल देऊन भंगार आनलं पोट्ट्यानं." कार्ड बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलंस आणि त्यानंतर गेमचं नावही काढलं नाहीस.

आणि लगेच ती कावीळ. अंगावर काढलीस. काहून रे दादा? डोळे पिवळे झालेले आम्हाला दिसत होते, तरी "काही नाई, उन्हानं हाय" म्हणत राहिलास. दवाखान्यात मी उशाशी बसले होते, तर बोललास काय? "बारके, त्या कार्डात फसलो मी." जाताना माणूस दुसरं काही बोलत नाही का? मला तेवढंच एक वाक्य देऊन गेलास.

तर आज मी प्रोसेसरवरचा पंखा काढला. वरून तो चांगला फिरत होता, म्हणून तू कधी काढून पाहिला नाहीस, हो ना? त्याच्याखाली, जाळीवर, कापूस होता. आपल्या खोलीतला कापूस, दाबून बसलेला, उशीच्या तुकड्यासारखा. वाराच आत जात नव्हता. गेम लागला की प्रोसेसर तापायचा आणि डबा स्वतःच बंद व्हायचा. टायपिंगला तापायचं कारणच काय?

मी तो थर चिमटीने काढला. डब्यासोबत माळ्यावरून आणलेल्या बियाण्याच्या पिशवीतून तुझं कार्ड काढून लावलं. आपला जुना गेम सुरू केला. एक शर्यत झाली. दुसरी झाली. ऊन कलेपर्यंत खेळले, बंद पडला नाही. मी उजवीकडे वळून "दादा, हे पाय ना, चालते!" म्हणालेसुद्धा. तिथे पाण्याची कळशी होती. मग खूप रडले.

बाबांना फोन केला. "जय भीम बेटा," म्हणाले. मी सांगितलं, "दादाचं कार्ड चांगलं होतं बाबा."

"मंग बंद काहून पडे थे?"

सांगू की नको, असं झालं. शेवटी सांगितलं, "पंख्याखाली कापूस गेलता."

पलीकडे खाट करकरली. मग हळूच विचारतात, "थो लाल टरक पयते का अजून?"

"तुमाले कसा मालूम लाल टरक?"

"मांगून पायत जावो ना मी. कापसावर पडल्या पडल्या." मग म्हणाले, "घेऊन ये डब्बा घरी. यंदाई खोलीत कापूसच हाय. मी सरकवतो."

ऐकलंस ना दादा? सरकवतो म्हणाले.

शनिवारी नेते आहे. तुला शब्द देते, बाजूला नवा पत्रा बसवल्याशिवाय डबा त्या खोलीत सुरू करणार नाही. आणि रागावू नकोस, तुझे बाण बाबांना देणार आहे. लाल ट्रकही त्यांनाच. पहिल्या वळणावर भिंतीत घालतील, नक्की घालतील. मी ढुशा मारणार नाही. पिवळी जीप थांबवून वाट बघेन.

तुझीच,
बारकी