श्वे यी आमची नाही

३ फेब्रुवारी, मंडाले
वॉर्डप्रमुख ऊ ल्विन दुकानात येऊन बसला. मोहिंग्याचा, माशाच्या रश्शातल्या शेवयांचा, वाडगा संपवला, तोंड पुसलं, मग म्हणाला, "वहिनी, पेपरात छापून टाका, मुलगी आमची नाही म्हणून. नाहीतर घराला सील." रश्शात मीठ कमी आहे सांगावं तसा!

लष्कराने सरकार पाडलं तेव्हा कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली. आमची श्वे यी सगळ्यांच्या पुढे, हातात भोंगा. वर्ष होत आलं, घरी नाही. कुठे आहे मला ठाऊक नाही — खरंच नाही. कोणी मानत नाही.

५ फेब्रुवारी
घर गेलं तर ह्यांना कुठे नेऊ? उजवं अंग गेल्यापासून उठवणं, धुणं, भरवणं माझ्यावरच. बहिणीकडे विचारायला गेले. तिने दार अर्धंच उघडलं. उरलेलं अर्धं मीच लावून आले.

६ फेब्रुवारी
छापणार नाही.

८ फेब्रुवारी
मागच्या गल्लीत मास्तरांच्या घराला सील लागलं. त्यांचाही मुलगा मोर्च्यातला. म्हातारी पातेली घेऊन गटाराच्या कडेला बसली होती. कोणी थांबत नव्हतं. मीही थांबले नाही.

९ फेब्रुवारी
पेपरच्या कचेरीत गेले. तिथे रांग! पुढचा माणूस वळून विचारतो, तुमचा मुलगा की मुलगी? शाळेत नाव घालायला आल्यासारखं. त्याचे दोन्ही मुलगे.

मजकूर तयारच असतो, नाव तेवढं घालायचं. 'आईबापांच्या आज्ञेबाहेर वागते, सबब कायमचे संबंध तोडले.' आज्ञेत होती कधी ती? बोलायला लागली तीच उलट बोलायला लागली.

सही केली. अक्षर वळणदार आलं, त्याचाच राग येतो.

११ फेब्रुवारी
छापून आलं. ह्यांना सांगितलं नाही. ऊ ल्विनने घरातल्या माणसांच्या सरकारी यादीतून तिचं नाव खोडलं, वर म्हणतो आता निर्धास्त राहा.

कुठेतरी बसून तिनेही वाचलं असेल. खोटं आहे हे कळेल तिला. हुशार आहे. पण हुशार माणसंच छापलेलं खरं मानतात.

२ मार्च
पकडली. भाजी घेताना तिच्या मैत्रिणीची आई कानाशी बोलून गेली. जिवंत आहे.

४ मार्च
तुरुंगाच्या दारात चार तास उभी. डब्यात भात, सुक्या कोळंबीची चटणी, तापाच्या गोळ्या. खिडकीतल्या बाईने कागद पाहिले. यादीत मुलगी नाही म्हणाली. घरच्यांशिवाय कोणाचं घेत नाही. "आणि पेपरात तर तुम्हीच —"

मागे रांगेत एक जण होती. रोज येते. म्हणाली, ज्यांना बाहेरून काही येत नाही त्यांना आत जास्त मारतात. विचारणारं कोणी नाही हे त्यांना कळतं.

डबा परत आणला. ह्यांना तोच भरवला.

५ मार्च
ऊ ल्विनला म्हटलं, नाव परत चढव. हसला. "वहिनी, सरकार म्हणजे काय भाजीवाली आहे, दिलेलं परत घ्यायला?" मी उठले नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, चढवतो, पण लगेच सील लागेल, वरून विचारतात मला.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. जाहिरातीचंही. वाटलं, आता रडतील. मग अर्ध्या तोंडाने म्हणाले, "मला उचलायला दोघं लागतील."

७ मार्च
नाव चढलं. घराला सील लागलं. हे विहाराच्या ओसरीत आहेत. खिडकीतल्या बाईने विचारलं, कोण लागते? सांगितलं. डबा घेतला.