चुलीमागची भिंत

वडिवळे, मंगळवार, ता. २४ सप्टेंबर १९६८

चिरंजीव बजरंगास आईचा पोटभर आशीर्वाद. हितं समदी खुशाल. लोनावळ्यात अंबू, धाकटं बाळ आनि तुजी रेल्वेची नोकरी नीट असंल. भात पोटरीला आलंय. म्हस आटली. ते ऱ्हाऊ दे, मला दम न्हाई. तुजी शालू बोलली!

व्हय, सात वर्सांत पयल्यांदा. आज सकाळी "पा" म्हनली. पानी मागितलं लेकरानं. शेजारची बयाबाई म्हनली, "म्हातारे, ढेकर दिला असंल." मी म्हनलं, "तुज्या नातवंडानं असा एक ढेकर दिऊन दावावा!"

कसं झालं सांगते. श्रावनात मी आमच्या बायकांच्या लिवाय-वाचायच्या वर्गाचं चित्राचं पुस्तक घिऊन बसले व्हते. शालूनं माजं बोट धरलं, तांब्याच्या चित्रावर ठिवलं आनि दाबून धरलं. पानी दिलं तर घटाघटा प्याली. मंग मी गेरूनं चुलीमागच्या भिंतीवर तांब्या काढला, भाकरी काढली, म्हस, घोंगडी, तिच्या आईचा, अंबूचा हिरवा चुडा. म्हस कुत्र्यावानी झालीया, पन शालूला वळखते. जे पायजे त्यावर माजं बोट न्हेती. रडनं निम्मं झालं. चुड्यावर दिसातनं धा येळा न्हेती, ते अंबूला सांग. न्हाईतर नगं सांगू.

थांब, भाकरी करपली वाटतं.

आले. तर शनवारी मी तुला कार्ड टाकलं ना, माज्यानं व्हत न्हाई, रविवारी यिऊन पोरीला पुन्याला मुक्या पोरांच्या संस्थेत ठिव म्हनून, ते खरं धरू नगंस. झालं असं, घट बसायचे म्हनून शुक्रवारी मी समदं घर सारवलं. चुलीमागची भिंत बी. देवीचं काम, डाग कशाला ठिवायचे, असं वाटलं. चित्रं गेली. तवापासनं पोरीनं ऊर फुटंस्तवर आरडनं मांडलं, डोकं आपटाय लागली. मला काय कळंना. बयाबाई म्हनली, बाहेरचं झालंय. मी घाबरून कार्ड लिवलं.

त्यात एक लिवलं न्हाई. शाळेपाशी पेटीत कार्ड टाकून येस्तवर पोर इस्तवात पडू नये म्हनून मी तिला दाव्यानं खांबाला बांधलं. वाटंत बयाबाईची सून भेटली, बोलत हुबी ऱ्हायले. परत आले तर शालू दावं तानून भिंतीपाशी. तांब्या व्हता बरुबर तितं नखानं खरवडत व्हती. शेनाखालनं गेरू दिसाय लागला व्हता. नखातनं रगत.

बजरंग, मी भिंत न्हाई, पोरीचं बोलनं सारवून टाकलं.

त्याच पावली समदी चित्रं परत काढली, आनि आज सकाळी तांब्यावर माजं बोट ठिवून ती "पा" म्हनली. घट कोनाड्यात बसले. देवी काय म्हनायची ती म्हनंल.

आता रविवारी ये, पन न्यायला नगं. भिंतीपाशी बस. ती तुजं बोट धरंल, हात काढून घिऊ नगंस. तिला लय येळ लागतो.

दावं सोडलं, पन कमरंला वळ हाय. तू बघशीलच, म्हनून आदी लिवलं. बघून राग आला तर मला कुटं न्हेऊन ठिवायचं तितं ठिव. शालूला ठिवू नगंस.

तुजी गुन्हेगार
आई