भिंतीवरची मिठाची रेघ

सौ. थोरलीच्या आईस,

मी सुखरूप पोचलो. थोरली बरी आहे. सातवा लागलाय, जेवण चांगलं जातंय. तुझे गुडघे कसे आहेत?

वस्ती फार जुनी, दगडी, समुद्राला लागून आहे. शहरातली माणसं फोटो काढायला येतात. जावयांनी हौसेने सगळ्या गल्ल्या दाखवल्या. बरीच दारं कुलूपबंद होती. विचारलं तर हसून म्हणाले, "बाबा, लोकांना उंच इमारतींचं वेड लागलंय."

लग्न ठरवताना मीच भिंत ठोकून म्हणालो होतो, शंभर वर्षं हलणार नाही. जन्मभर गवंडीकाम केलं, पण त्या दिवशी पाहुणा म्हणून उभ्यानेच ठोकली. काल पलंगाखाली वाकलो. गुडघ्याएवढ्या उंचीवर मिठाची पांढरी रेघ आहे. तिच्याखालचा चुना बोटाने निघतो. ओळंबा सोडला, तर भिंत चार बोटं समुद्राकडे झुकलेली.

पलंग विटांवर चढवलाय. देवही छताजवळच्या फळीवर गेलेत. दिवा लावायला थोरली स्टुलावर चढते. "मागच्या उधाणाला थोडं पाणी आलं होतं," एवढंच म्हणाली.

जावई मानी आहेत, वाडवडिलांचं घर सोडणार नाहीत. पौर्णिमेला मोठं उधाण आहे. पत्र मिळताच त्यांना फोन कर. गुडघे धरलेत, उठवत नाही, लेकीला बाबांबरोबर पाठवा, असं सांग. मला फोनवर बोलता येत नाही. खोली एकच, आणि जावई मला क्षणभर एकटं सोडत नाहीत.

खोटं बोल, असं तुला पहिल्यांदाच सांगतोय. देवाची माफी मी आधीच मागितली आहे.

तुझ्या फोनची वाट पाहणारा,
थोरलीचा बाप