गोंद सुटेपर्यंत

सुकापूर, नवीन पनवेल
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चारुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनऐवजी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर बोलले तर तुझ्या भावोजींना हॉलमध्ये ऐकू जाईल. दोन वर्षांपूर्वी चाईने सगळे केस गेले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर डोकं उघडं ठेवलेलं नाही. हे तुला एकटीलाच सांगितलं आहे.

शनिवारी विग काढून साफ करायला कामोठ्याच्या त्या पार्लरमध्ये गेले होते. दर तीन आठवड्यांनी तेच काढतात, धुतात, पुन्हा चिकटवतात. घरी हात लावायचा नाही अशी ताकीद असते. नेहमीची बाई नव्हती. स्नेहल नावाची एक नवी मुलगी आली आणि तिने कपाळावरची कड नखाने उचलून सरळ ओढली. कोरडी! जखमेवरची चिकटपट्टी ओढावी तशी. मी ओरडले. कपाळाची साल निघाली, कानाजवळ विगची जाळी बोटभर फाटली. मालकीण आली ती उलट मलाच बोलायला. म्हणे तुम्हाला घाम फार येतो, म्हणून गोंद धरून बसला. आणि या वयात इतकं कोण बघतंय, काकू?

पस्तीस वर्षं गणित शिकवलं, चारुता. वर्गात अशी उर्मट उत्तरं देणाऱ्यांना मी बाकावर उभं केलं आहे. आणि तिथे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फाटका विग पिशवीत घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून रिक्षाने घरी आले. तेव्हापासून घरातही ती कपाळावर ओढलेलीच आहे. अठ्ठावीस तारखेला शाळेत माझा निरोप समारंभ आहे. तू नाटकवाल्यांची डोकी सांभाळतेस, त्यांचे टोप बसवतेस, तूच सांग आता काय करू.

तुझी संतापलेली,
शोभाताई


सांगली
७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
चारुताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. आमच्याकडे तालमीला येणारी नवशिकी पोरसुद्धा टोप असा ओढत नाही. टोप कधी ओढून काढायचा नसतो, तो सुटेपर्यंत थांबायचं असतं. ती मुलगी नवी असेल, पण मालकीण? तिला लाज कशी वाटली नाही?

कुरिअरने गोंद सोडवणाऱ्या द्रावणाची बाटली, एक मऊ ब्रश आणि बारीक जाळीचा तुकडा पाठवला आहे. आधी तुझं कपाळ. ते पूर्ण भरेपर्यंत गोंद लावायचाच नाही. तोवर आतून इलॅस्टिकची पट्टी शिवून विग नुसता बसव. पुढे कधी चिकटवलेला काढायचा झाला तर विगचे केस मागे बांध, कडेला द्रावणाचे थेंब सोड आणि चार-पाच मिनिटं काहीही करू नकोस. मग कंगव्याच्या शेपटीने अलगद उचल. जिथे अडेल तिथे जोर नाही, आणखी दोन थेंब. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस.

आता जाळीवर जुना गोंद असेल. टॉवेलवर विग उलटा पसर, द्रावण लाव, गोंद मऊ झाला की ब्रशने कडेच्या दिशेने पुसून घे. नखं लावशील तर माझ्याशी गाठ आहे. मग कोमट पाणी, सौम्य शांपू, वरून खाली एकाच दिशेने. कंडिशनर फक्त टोकांना. मुळांशी गाठी असतात, त्या सुटल्या की केस गळतात. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबायचा आणि सावलीत सुकवायचा. फाटल्या जागी आतून जाळीचा तुकडा बारीक टाक्यांनी लाव. तुझी शिवण माझ्यापेक्षा बरी आहे.

एक सुचवू? समारंभाला विग घालूच नकोस. आहेस तशी जा. किती जणींना बळ येईल!

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चारुता


सुकापूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चारुतास,
आशीर्वाद. रागाने लिहिते आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.

बाटली मिळाली. हे बाजारात गेले तेव्हा बाथरूमची कडी लावून सगळं तू सांगितलंस तसं केलं. गोंद शेवयांसारखा निघून आला. जाळी शिवली, टाके दिसत नाहीत. कपाळावर खपली धरली आहे. त्याबद्दल तुझे उपकार.

पण तुझ्या सूचनेबद्दल नाहीत. पार्लरवाली म्हणते या वयात कोण बघतंय, आणि तू म्हणतेस सगळ्यांना दाखव. माझ्या डोक्याचं काय करायचं ते मला विचारायची एकीलाही गरज वाटली नाही. तुझी वेणी कमरेपर्यंत आहे, चारुता, म्हणून तुला माझं धैर्य सुचतं. मला तो विग आवडतो. तो घातला की आरशात मला मीच दिसते, कुणी दुसरी नाही. त्यात लपण्यासारखं काय आहे?

सोमवारी कामोठ्याला जाणार आहे. त्या दिवशी जे बोलायचं राहिलं ते बोलून येते.

शोभाताई


सांगली
१५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

चुकले. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तू बरोबर होतीस. सोमवारी काय झालं ते लगेच कळव. बाटली बरोबर ने आणि मालकिणीच्या टेबलावर आपट, माझ्या नावाने.

रागावलीस तरी तुझीच,
चारुता


सुकापूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चारुतास,
अनेक आशीर्वाद.

काल गेले. दारातून पाहते तर खुर्चीत एक विशीची मुलगी, रिया, डोळे घट्ट मिटून बसलेली आणि स्नेहलची नखं तिच्या कपाळावर. मी ओरडले, हात काढ! अख्खं पार्लर वळून बघायला लागलं. सहा बायका तरी होत्या.

मालकीण धावत आली. म्हणे आमच्याकडे आजवर कुणाला इजा झालेली नाही. चारुता, मला जो संताप आला! मी डोक्यावरचा विग काढला, टेबलावर ठेवला आणि तिला आधी कपाळावरची खपली दाखवली, मग जाळीवरचे टाके. एकेक टाका मोजायला लावला. तिने शेवटपर्यंत मोजले.

मग पर्समधून बाटली काढली आणि रियाला विचारलं, मी काढू का. तिने मान हलवली. थेंब सोडले, थांबले. स्नेहलला शेजारी उभी केली होती; तिला राहवेना, हात पुढे येई. मी तिला पाढे म्हणायला लावले. सतराचा पाढा संपला तेव्हा कड आपोआप उचलली. रियाने डोळे उघडले आणि विचारलं, निघाला? दुखलंच नाही म्हणाली. स्नेहल रडवेली झाली. तिला कुणी शिकवलंच नव्हतं गं. टबात पाणी घेऊन विग धुण्यापर्यंत सगळं करून घेतलं तिच्याकडून. मालकिणीने शेवटी माझी माफी मागितली. मी म्हटलं, माझी नको, या मुलींची मागा.

रिक्षात वारा लागला तेव्हा कळलं, विग डोक्यावर नाही, हातात आहे. तशीच घरी आले. दार ह्यांनी उघडलं. मी उंबऱ्यातच थिजले. ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले आणि एकदम भडकले. उघडं डोकं बघून नाही, जखम बघून. कुणी केलं, कधी केलं, मला का नाही सांगितलंस, मी काय परका आहे? इतकं मोठ्याने बोलताना मी त्यांना तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मग स्वतःच खोबरेल घेऊन आले आणि खपलीवर बोटाने लावत बसले. मीही खूप भांडले. कशावरून, ते आठवत नाही.

समारंभाला विग घालणार आहे, अंबाड्यासकट. रिया येत्या रविवारी आईला घेऊन हे शिकायला सुकापूरला येते आहे आणि स्नेहलनेही येऊ का म्हणून विचारलं आहे. बाटली अर्ध्यावर आली. तू अठ्ठावीसला येशील तेव्हा मिठाई आणू नकोस, या बाटल्या आण. चार तरी.

वाट पाहणारी,
शोभाताई