तळणाचा वास

११ जानेवारी, शनिवार

पोचले एकदाची सासरी! दोन दिवस आगगाडी, मग मुखितच्या मित्राची खिळखिळी जीप. उतरले तेव्हा पाय माझे की कुणाचे तेच कळेना, पण मन अगदी टवटवीत होतं. सगळी गल्ली दारात उभी. डोक्यावर गोळ्या-चॉकलेटांची अशी उधळण झाली की एक आत्ता केसांतून निघाली आणि मी ती खाऊनही टाकली. शेजारच्या दामेतकेन वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, मुखितनं माळावरची हरणी आणली हो! पण तिला तिकडची थंडी बरोबर आणायला कुणी सांगितलं होतं?"

थंडी मी आणलेली नाही, पण आहे मात्र खरीच. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला आले आणि बघितलं ते आमचं माळरानच! पांढरं, सपाट, नजर पोचेल तिथवर गोठलेलं. इथे काठाशी पापुद्रा धरतो तेवढाच, असा समुद्र कित्येक वर्षांत थिजला नव्हता म्हणतात.

एक गोष्ट खटकली. नव्या सुनेनं उंबरा ओलांडला की चुलीत पळीभर चरबी ओतायची, ज्वाळ उसळली की बायकांनी अग्निमातेला हाक मारायची, हे आमच्यात कुठेही चुकत नाही. मी पळी उचलली आणि सासूबाईंनी, कुन्सुलू आपांनी, माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "राहू दे, सूनबाई. वसंतात ओत." अग्निमातेची हाक राहिलीच. मग दामेतकेन वहिनींनीच गाणं सुरू केलं म्हणून बरं.

१३ जानेवारी, सोमवार

ही समुद्राकाठची माणसं थंडीला किती घाबरतात! भिंती पातळ, खिडक्या डुगडुगत्या, नळ फुटलेले. मी सगळ्या फटींत कापूस कोंबला, वरून खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. आपांनी कौतुक केलं नाही, पण दोनदा येऊन हात लावून बघितलं.

सकाळी चहा होईपर्यंत स्वयंपाकघरात तिघांच्याही तोंडातून वाफा निघतात. मुखित म्हणतो, घरात आता तीन किटल्या झाल्या. खिडकीच्या काचेवर तर दोन्ही बाजूंनी बर्फाची साय. तो बर्फावर मासे धरायला निघाला की मी काचेला तोंड लावून फुंकत राहते. नाण्याएवढं भोक पडतं, त्यातून त्याला बघते. आज बाहेरून त्यानंही त्याच जागी ओठ लावून फुंकलं. भोक बघता बघता रुंदावलं आणि पलीकडे त्याचा डोळा दिसला. मी लाजून मागे झाले तर आपा दारात उभ्या! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ जानेवारी, बुधवार

बर्फाखाली मासळी नुसती लोटलीय. सगळे पुरुष भोकं पाडून गळ टाकून बसतात. आपांना ते बघवत नाही. आज भांडी घासताना आपण होऊन बोलल्या. समुद्र असाच थिजला होता त्या वर्षी सासरे बर्फावर गेले. जमिनीवरचा वारा सुटला, बर्फ काठापासून तुटला आणि त्यांना घेऊन गेला. मुखित तेव्हा पोटात होता. बापानं लेकाचं तोंड पाहिलं नाही, लेकानं बापाचं.

मुखितला मी रात्री विचारलं तर म्हणाला, "आईचं सोड. ती ताकही फुंकून पिते. वारा बघूनच जातो मी."

उद्या गुरुवार. माझ्या बाबांसाठी सात शेलपेक, तेलातल्या पातळ पोळ्या, तळायच्या. बाबा गेले तेव्हापासून एक गुरुवार चुकवलेला नाही, त्यांचं वर्षही अजून झालं नाही. गेलेल्या माणसाला दुसरं काय पोचणार? तळणाचा वास तेवढा पोचतो. आपांना सांगितलं तर म्हणाल्या, या थंडीत या घरात तेल तापणार नाही. का, ते सांगेनात. पोळ्या कोरड्या भाज म्हणाल्या. अगदी खरं लिहिते, मला राग आला. तेलाच्या बाटलीला एवढा जीव लावणारी बाई मी पाहिली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

दुपारी आपा दामेतकेन वहिनींकडे गेल्या आणि मी कढई चढवली. सातही शेलपेक टम्म फुगल्या. वास जावा म्हणून दार उघडून ठेवलं. बाबांची आठवण काढून पोटभर रडले, बरं वाटलं.

डोळे पुसते तोच दाराशी कुणीतरी म्हणालं, "देवाचा पाहुणा आहे." बाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं, त्यात एक तरुण उभा. देवाच्या पाहुण्याला, असं म्हणत आलेल्या अनोळखी वाटसरूला, कुणी परत पाठवतं का? आत घेतलं, वरच्या, मानाच्या जागेवर बसवलं, दूध घालून वाटीत चहा दिला. जुन्या पद्धतीचा मेंढीच्या कातड्याचा कोट, डाव्या भुवईत मुखितसारखीच खाच. म्हटलं, असेल यांच्यातलाच कुणी. शेलपेक त्यानं तोडली नाही. दोन्ही हातांत धरून नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिला. विचारलं, घरात मुलगा आहे ना? कुठे असतो? मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, सांगून टाकलं, काळ्या खडकाच्या पलीकडे बसतात. तो म्हणाला, "भेटायचंच राहिलंय."

तो गेल्यावर वाटी उचलली. चहा तळापर्यंत गोठलेला होता. चुलीच्या बाजूला बसला होता तो.

आपा आल्या, वासानं दारातच थबकल्या. सगळं सांगावंच लागलं. कोट सांगितला, भुवई सांगितली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तरुणच होते का गं अजून?"

मी धावत बाहेर आले. वारा माझ्या पाठीवर आपटत होता — जमिनीकडून.

१७ जानेवारी

बाकी सगळे परतले. मुखित नाही. त्याच्यापाशी कोणीतरी उभं होतं म्हणतात, कातड्याच्या कोटातलं, शेजारच्या गावचा असेल असं वाटलं त्यांना. हाका मारल्या. मुखितनं वळून बघितलं, हातही हलवला, पण त्या माणसाला सोडून आला नाही. मग बर्फ तुटला.

मी सांगितलं ते. मीच जागा सांगितली.

१९ जानेवारी

शहरातून हेलिकॉप्टर येणार होतं. धुकं हटत नाही. बर्फावर माणसं आठ-आठ दिवस जगली आहेत, दामेतकेन वहिनी सांगतात. त्याच्याजवळ मासे आहेत, अंगावर गरम कोट आहे. तो जिवंत आहे. मी रोज काचेवर भोक पाडते, ते रोज भरून येतं.

वारा फिरला. तुटलेला बर्फ परत काठाला येऊन लागलाय म्हणतात.

२१ जानेवारी

धुक्यात बर्फावर पावलं वाजतात. दुपारी. काठापर्यंत येतात आणि थांबतात. आपा म्हणाल्या, वास नाही म्हणून वाट सापडत नाही त्यांना. मी म्हटलं, "त्यांना" म्हणजे कुणाला? त्या तेलाच्या बाटलीकडे बघत होत्या.

बाटली मी कोळशाच्या ढिगात लपवली.

२३, गुरुवार

तळणाचा वास. मी कढई चढवलेली नाही. गोठ्यातून धावत आले तर आपा चुलीपाशी — पांढरा ठेवणीतला रुमाल बांधलेला, सात शेलपेक ताटात. मी ओरडले. जिवंत माणसासाठी कुणी तळतं का! तुम्ही आई ना त्याची? म्हणाल्या, "आई आहे म्हणूनच कळलं, पोरी. तिकडे उपाशी फिरतोय तो. निदान वास तरी घेऊ दे." आणि मग हळूच — "सत्तावीस हिवाळे या घरात तेल तापू दिलं नाही मी. त्यांनाही उपाशीच ठेवलं."

दार मी लावलं. कडी घातली. पाठ लावून बसलेय, लिहितेय. पावलं — काठावर थांबली नाहीत या वेळी. अंगणात आली. दोघांची आहेत.

मुखितचा आवाज! तोच. मुखितच. जिवंत असेल तर? बर्फ काठाला लागला, चालत आला असेल — मी दार लावून बसले आणि तो बाहेर गारठून —

खिडकीशी गेले. फुंकलं. भोक पडलं. तोच आहे, पापण्यांवर बर्फ, पण तोच. हसला. काचेला ओठ लावले, फुंकलं, त्या दिवशीसारखं —

भोक भरून आलं. त्याच्या फुंकरीनं काच पांढरी झाली. मी परत फुंकते, तो परत —

म्हणतोय, देवाचा पाहुणा आहे. स्वतःच्या घराच्या दारात. मुखित, हे तुझं घर आहे रे, असं नको म्हणूस —

मी खिडकीशी आहे. दाराशी कुणी नाही. आपा ताट घेऊन — आपा, नको — कडी —