सात तारखेची खरेदी

अण्णा, गेल्या सात तारखेलाही तुम्ही एक शेअर घेतलात. शाळेत शिकवायला जायचं म्हणून मी माझा डबा भरत होते. माजघरात तुमच्या फोटोखाली ठेवलेला तुमचा जुना फोन दोनदा थरथरला आणि मी पोळी तव्यावर तशीच टाकून बघायला गेले. काय आलं असेल ते ठाऊक होतं, तरी गेले. ‘अभिनंदन, तुमची खरेदी पूर्ण झाली आहे.’ वर तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं होतील. या आठ वर्षांत मधले दोन महिने सोडले, तर तुमची सात तारीख एकदाही चुकलेली नाही. हयातीत एवढा नेम तुम्ही रक्तदाबाच्या गोळ्यांचाही पाळला नव्हता. पोळी करपली होती, तीच डब्यात घातली.

यात भुताटकी काही नाही, हे मी पहिल्या महिन्यापासून जाणते. पेन्शनीतून उरलेल्या पैशांत तुम्ही जे शेअर घेऊन ठेवलेत, त्यांचा लाभांश तुमच्या-माझ्या, बापलेकीच्या जोडखात्यात येतो. दर महिन्याच्या सात तारखेला, बाजाराला सुटी असेल तर लगेच पुढच्या दिवशी, त्याच पैशातून एका कंपनीचा एक शेअर घ्यावा, अशी सूचना तुम्ही संगणकावर घालून ठेवली होतीत. थांबवा म्हणेपर्यंत चालू, असं त्यात लिहिलेलं. थांबवा म्हणायला तुम्ही राहिला नाहीत. पाटाचं पाणी एकदा बागेत सोडलं की माणूस घरी येऊन झोपला तरी ते आपलं आळ्यामागून आळं भरत जातं, तसंच हे. इतकं सगळं समजूनही फोन थरथरला की माझ्या मानेवर काटा येतो, आणि थरथरायला उशीर झाला तर जास्तच येतो.

तुमच्या पडवीतले रविवार मला फार आठवतात. तुम्ही घावन खाऊन बाकावर बसलायत, मांडीवर पेपरातलं भावांचं पान, कानावर पेन्सिल, आणि कुंपणाचं बेडं सरकवून एकेक जण आत येतोय. एसटीतून रिटायर झालेले शेजारचे काका सगळ्यात आधी. त्यांचे प्रश्न ठरलेले.

“अण्णा, आमचा पडला वो निम्म्यावर. स्वस्त मिळतोय तर अजून थोडे घेऊ काय?”

“कलमाला तुडतुड्याची कीड लागलीय का कलमच वठलंय, ते आधी बघा. तुडतुडा असेल तर मोहोर वाचेल. वठलेल्याला खत घालून काय करणार?”

किती कंपन्यांचे घ्यावेत, असं कोणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, जेवढ्या कलमांखालचं गवत स्वतः काढता येईल, तेवढ्याच. मुंबईहून कोणी टीप दिली असेल तर सांगणाऱ्यानं स्वतः कधी घेतले आणि कधी विकणार आहे, ते विचारा. दुसऱ्या प्रश्नाला त्याचा फोन कट होतो. लोक हसायचे, चहा प्यायचे. आणि मग काका चपला घालता घालता शेवटचा प्रश्न टाकायचे, “पण विकायचा कधी, ते काय तुम्ही सांगत नाय.” तेव्हा तुम्ही दर वेळी उठायचात. मोटरीचं पाणी बघून येतो म्हणायचात आणि काका बेड्याबाहेर जाईपर्यंत मागच्या दारी उभे राहायचात. मी तुम्हाला बघत असायचे. मोटर बंद असायची.

आता ते सगळे माझ्याकडे येतात. मीही तेच सांगते, तुडतुडा आणि गवत. दोन वर्षांमागे काकांना उत्तर देता देता माझा हात उजव्या कानामागे गेला आणि काहीतरी शोधू लागला. तिथे पेन्सिल नव्हती. मी आयुष्यात कधी कानावर पेन्सिल ठेवलेली नाही. काका माझ्या हाताकडे बघत राहिले आणि चहा न घेताच उठले. पुढचे दोन रविवार ते फिरकले नाहीत.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, विकायचे कधी, हा प्रश्न मीच तुम्हाला विचारला होता. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. मला वाटलं ऐकलं नाहीत. मग म्हणालात, “मला विचारल्याशिवाय विकू नको गो बाय.” मी हो म्हटलं. आजारी माणसाला आपण कशालाही हो म्हणतो. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्याला धाकट्याने मला विचारलं. तो रात्रीच्या गाडीने डोंबिवलीला परत जाणार होता. हातात कागद-पेन घेऊन समोर बसला आणि म्हणाला, “ताई, अण्णांचं काय काय बंद करायचं ते सांग, जायच्या आधी करून टाकू. त्यांचे शेअर होते ना?” त्याच्या बोलण्यात लोभ अजिबात नव्हता. पण मला ‘बंद’ हा शब्द लागला. मी म्हटलं, “ते त्यांनीच विकले, आजारपणात.” त्याने कागदावर रेघ मारली. निम्मे त्याचे होते, अण्णा. नॉमिनीच्या रकान्यात तुम्ही मुद्दाम कोणाचंच नाव घातलं नव्हतंत. एकाचं लिहिलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणाला होतात. त्या क्षणी माझ्या पोटात दुसरंही काही होतं की काय, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. नव्हतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि गेलेल्याचं असं तसंच चालू ठेवणं मी शिकले तुमच्याकडूनच. आपल्या कलमांच्या जागेच्या सातबाऱ्यावर अजून तुमच्या आजोबांचं नाव आहे. त्याखाली सोळा नावं, त्यातली अकरा कधीच गेलेली. तलाठी सांगून दमला. तुम्ही म्हणायचात, “असू देत हो. नाव काढलं म्हणून माणूस जास्त मरतो काय?” या मुलखात मेलेल्यांची नावं कागदावरून काढायची घाई कोणालाच नसते. आंबा उतरतो, वाटे पडतात, सही लागली की कोणीतरी करतं. मला वाटलं, शेअरांचंही तसंच चालेल. चाललंही. तुमच्या फोनचं रिचार्ज मी माझ्या फोनच्या आधी करत आले.

चार वर्षांपूर्वी एकदा मी विकायला बसले होते. खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीच. शाळेत जायला स्कूटर घ्यायची होती. दिवाळीच्या सुटीतली दुपार, घरात मी एकटी. सगळं भरून झालं आणि शेवटी तुमच्या फोनवर सहा आकडे आले. खाली लिहिलेलं, ‘हे आकडे कोणालाही सांगू नका.’ मी फोटोकडे बघून मोठ्याने विचारलं, “अण्णा, विकू?” मागच्या दारी वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता. उत्तर आलं असतं तर मी किंचाळून बाहेर पळाले असते. पण उत्तर येत नाही म्हणून मी हात आखडून बसले, आणि तशीच बसून राहिले. आकड्यांची मुदत संपली. त्याच आठवड्यात बागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाचा नारळ द्यायचा होता. आपला म्हातारा गडी दर वर्षीसारखं गाऱ्हाणं घालत होता आणि मधेच माझ्याकडे वळून म्हणाला, “अण्णा आता त्याच्या बाजूला उभे. मालक जातात, राखणारा जागा सोडीत नाय.” मी नारळ फोडून घरी आले. स्कूटर अजून घेतलेली नाही.

गेल्या महिन्यात मात्र गोष्ट वेगळीकडे गेली. शेअरखातं सांभाळणाऱ्या कंपनीने कळवलं की खातेदाराने आपली ओळख नव्याने पटवून द्यावी, नाहीतर खातं गोठेल. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. शहाण्या माणसाने तेव्हाच सांगून टाकलं असतं, की बाबांनो, हा माणूस नाही. मी शाळेतून आले, हातपाय धुतले, उन्हं पडवीतून माजघरात पोचली होती. तुमच्या फोटोवरचा हार बाजूला केला आणि फोन तुमच्यासमोर धरला. पडदा तुमच्याकडे, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं. फोनमधली बाई मराठीत बोलत होती.

“थोडे जवळ या.” मी फोन जवळ नेला.

“डोळे मिटा आणि उघडा.”

मी तशीच उभी राहिले. आता हे संपणार, मशीनच नाही म्हणणार आणि मी सुटणार, असं वाटून खरं तर हायसं वाटलं. बाई पुन्हा म्हणाली, डोळे मिटा आणि उघडा. आणि तुमच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला. “धन्यवाद. आपली ओळख पटली आहे.”

याचाही उलगडा मी करून ठेवलाय. फोटोला काच आहे, ऊन माझ्या तोंडावर होतं, फोनच्या मागे माझा चेहरा काचेत तुमच्या चेहऱ्यावर पडला असणार. नाक तर मी तुमचंच घेऊन आले आहे. डोळे मीच मिटले असतील. मिटले, असं मला आठवत नाही, पण डोळे मिटल्याचं कोणाला आठवतं? त्यानंतर दोन दिवस मी फोटोकडे पाठ करून जेवले. आपली ओळख पटली म्हणजे कोणाची, एवढं विचारायला तिथे माणूस नव्हता. आता तुम्ही त्या कंपनीच्या दप्तरी नव्याने जिवंत झालात, आणि ते माझ्या डोळ्यांनी. मला खरोखरच भीती वाटली, अण्णा. तुमची नाही. माझी.

म्हणून रविवारी धाकट्याला फोन केला. तिकडे कुकरच्या शिट्या चालू होत्या. मी एका दमात सांगितलं, अण्णांनी शेअर विकले नव्हते, मी खोटं बोलले, आठ वर्षं. त्याने एक शिट्टी होऊ दिली. मग म्हणाला, “माहित्येय.”

“कधीपासून?”

“त्यांचा मेल मीच उघडून दिला होता ना. माझ्या फोनवर अजून चालू आहे. सात तारखेला येतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? पहिली दोन वर्षं राग होता. तुला हवे असतील तर माग की सरळ, असं वाटायचं. मग राग गेला. मेल मात्र येत राहिला.” कुकर थांबला होता. “मधे दोन महिने आला नाही बघ. त्या वेळी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडलो ग मी. तेराव्याला रडलो नव्हतो. मला वाटलं, अण्णा गेले.”

ते दोन महिने मला कसे आठवणार नाहीत? लाभांश आला नव्हता, खात्यात पैसे पुरले नव्हते, एवढंच. फोन गप्प पडून होता आणि मी स्वयंपाकघरातून माजघरात येरझारा घालत होते. तिसऱ्या महिन्यात मी माझ्या पगारातले पैसे त्या खात्यात भरले आणि सात तारखेला तुम्ही पुन्हा खरेदी केलीत. हे मी त्याला सांगितलं नाही. मग त्यानेच म्हटलं की आता पुरे करूया, ताई. मलाही ते पटलं. मृत्यूची नोंद करायचा फॉर्म मी भरला, दाखला जोडला, वारस म्हणून माझी सही केली, त्याची सही कुरिअरने आली. तुम्ही गेलात ती तारीख आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिली. अक्षर बरं आलं.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. “दिलास फॉर्म?”

“दिला.”

“मग आता सात तारखेला काही यायचं नाही.”

“नाही,” मी म्हटलं. तो “बरं” म्हणाला आणि तरीही फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

अण्णा, हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हालाच तेवढं सांगते. फॉर्म मी दिलेला नाही. सात तारखेला मेल आला की त्याला कळेल, ताई पुन्हा खोटं बोलली. आणि तो मला फोन करून विचारणार नाही.