जावयाच्या चेंडूची चमक

३ डिसेंबर १९८३
सुमन आणि जावई गोव्याला गेले. अमेरिकेहून आणलेला बोलिंगचा चेंडू आमच्या पलंगाखाली ठेवून गेलेत. सात किलोचा धोंडा, बोटं घालायला तीन भोकं. लाकडी फळ्यांवरून सोडायचा नि दहा खुंट्या पाडायच्या. परत जाताना सिंगापूरला स्पर्धा आहे म्हणे. पण चेंडूची दशा बघवेना. सगळा खरवडलेला, मळकट. आयुष्य फाउंड्रीत गेलं माझं, आणि माझ्या घरात असली वस्तू? लाज वाटली.

४ डिसें.
चेंडू पिशवीतून शिरोलीला फाउंड्रीत नेला. आमचा पॉलिशवाला दस्तगीर म्हणाला, "ह्यो काय अवतार केलाय पावण्यांनी? आणा हिकडं." जेवणाच्या सुट्टीत बफच्या फिरत्या चाकावर धरून आरसा केला. त्यात बघून मिशा नीट केल्या. जावई खूश होणार!

५ डिसें.
शेजारच्या दुकानात सुमनचा ट्रंककॉल. "बाबा, ह्यांच्या चेंडूला हात लावू नका हं. दोन दिवस घासून खरखरीत केलाय. फळ्यांवर तेल असतं, चकचकीत चेंडू नुसता घसरतो, वळत नाही."
"छे छे, आम्ही कशाला हात लावतोय!"
लग्नानंतर पहिल्यांदाच आलेत, आणि मी हा उद्योग...

६ डिसें.
दस्तगीरला म्हटलं, चमक घालव. भडकलाच. "पंचवीस वर्सं चमक आणतोय. घालवायचं पाप माज्याकडनं हुयाचं न्हाय." मग मीच परसात पॉलिश पेपर घेऊन बसलो. बायको म्हणाली, "वाटाणं सोलायचं सोडून ह्ये काय सोलताय?"

८ डिसें.
खांदा गेला कामातनं. किती नंबरचा कागद लावतात, विचारणार कुणाला? अंदाजानं उरकलं. परसात सोडून पाहिला. वळला! थेट हिच्या पितळी घागरीकडं. पोचा पडला, बोलणी खाल्ली. पण वळला.

९ डिसें.
दोघं आले. जावयांनी चेंडूवर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.
"मामा, इकडची हवा दमट आहे का हो?"
"लई दमट," मी.
हिला ठसका लागला. खरं सांगायला हवं होतं. स्वतःचीच चीड आली.

१४ डिसें.
आज सिंगापूरला त्यांची स्पर्धा. सकाळी अंबाबाईला जाऊन आलो. हरले तर पोरीला ऐकून घ्यावं लागेल, म्हणून जिंकव म्हणालो. दस्तगीरला सांगितलं तर म्हणतो, "चमक ऱ्हायली असती तर जिंकलंच असतं की."
संध्याकाळ झाली. निकालाची तार अजून नाही.